डावं पाऊल आधी

आमच्या जिजाजींना देवाने आधी पाय दिले आणि उरलेला माणूस मग सवडीने त्यांच्यावर बसवला, असं माझं फार जुनं मत आहे. जिजाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे त्यांना भावजी म्हटलं असतं; पण आमची घराणी ग्वाल्हेरला येऊन इतक्या पिढ्या लोटल्या, की भावजींचे जिजाजी केव्हा झाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर घोड्यावरून आले, असं त्यांच्या घरी सांगतात. मला हे पटत नाही. घोडा मागे रेंगाळतोय म्हणून त्याला तिथेच सोडून हे लोक पायी पुढे आले असणार. जिजाजी इथल्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी कवायत शिकवलेली आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ती येत नाही याबद्दल त्यांच्या मनात खरोखरची कणव आहे. शाळेतून ते निवृत्त झाले, चालीतून झाले नाहीत. भाजी आणायला निघाले तरी मान ताठ, छाती पुढे, हात खांद्यापर्यंत वर, आणि बुटांना नाल ठोकलेले. ते किला गेटजवळ राहतात आणि मी थाटीपुरात, म्हणजे चांगलंच अंतर आहे. तरी रविवारी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मला गल्लीच्या तोंडापासून त्यांचे बूट ऐकू येत, आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घेत असे.

त्याचा काही उपयोग होत नसे. "काय सालेसाहेब, सूरज निघून किती वेळ झाला, काही पता आहे का?" असं म्हणत ते थेट पलंगापाशी येत. मग मला चहासुद्धा न घेता निघावं लागे. माझी शरीरप्रकृती बैठी आहे. सरकारी कचेरीत आयुष्य गेलं, आणि खुर्चीला जो आकार असतो तो हळूहळू मलाही आला. जिजाजींच्या बरोबरीने चालणं मला कधी जमलं नाही. त्यांची पाठ तेवढी माझ्या ओळखीची आहे. ते मात्र बरोबर कुणी आहे या समजुतीने पुढे बोलत जात, आणि कोपऱ्यावर वळून, "तुझं काय म्हणणं आहे?" असं विचारत. माझं म्हणणं बरंच मागे धापा टाकत असे. माझ्या चुलतभावाच्या लग्नात वरातीची व्यवस्था कुणीतरी त्यांच्याकडे सोपवली. नाचत, थांबत, रेंगाळत जाते ती वरात, हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांनी वऱ्हाड्यांना उंचीप्रमाणे रांगेत लावलं आणि अशा काही झपाट्याने नेलं, की बँडवाल्यांना पळत पळत वाजवावं लागलं, आणि आम्ही मंडपात पोचलो तेव्हा वधूपक्षाचे लोक खुर्च्या मांडत होते. मुलीचे वडील बनियनवर स्वागताला आले. "वेळेच्या आधी पोचलं की कुणाची परेशानी होत नाही," असं जिजाजी त्यांना म्हणाले. गृहस्थ बिचारे हातानेच छाती झाकून उभे होते.

पण हे सगळं फुटकळ. जिजाजींचं खरं चालणं म्हणजे किल्ला. लोक उरवाई दरवाजाकडून गाडीने वर जातात, महाल बघतात, फोटो काढतात. जिजाजी गाडीने गेलेल्याला किल्ला पाहिला असं म्हणूच देत नसत. किला गेटकडून जो चढ आहे, दगडी फरसबंदीचा, एकामागून एक दरवाजे ओलांडत जाणारा, तो चढून जाईल त्याचाच किल्ला. रोज पहाटे ते त्या चढाने वर जात. वर पोचले की महालाच्या भिंतीवर तळहाताची एक थाप मारत आणि त्याच पावली खाली येत. पाऊस असो, धुकं असो, मे महिन्यातल्या लूच्या गरम झळा असोत, यात कधी खंड पडला नाही. दूधवाल्याला त्यांच्याकडे बघून आपल्याला उशीर झाला की नाही ते कळे.

या किल्ल्याचं आणि माझ्या बहिणीचं एक दुखणं आहे. ताईचं लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जिजाजी तिला म्हणाले, चल, तुला किल्ला दाखवतो. ताई शहराच्या लश्कर भागातली, किल्ला लहानपणापासून खालूनच पाहिलेला. ती हौसेने नवी साडी नेसून निघाली. गूजरी महालापर्यंत ते तिच्याबरोबर होते. पुढे चढ लागला आणि त्यांच्या पायांना बायकोचा विसर पडला. ताई निऱ्या सावरत अर्ध्या वाटेवर पोचली तोवर जिजाजी थाप मारून परत खाली येत होते. समोर ती दिसल्यावर त्यांना आनंद झाला. "चला, झालं पाहून," असं म्हणून ते तिला घेऊन घरी आले. ताई तेव्हा नवी होती, काही बोलली नाही. पुढे पाहुण्यारावळ्यांना घेऊन ती गाडीने कितीतरी वेळा वर गेली; पण ज्या वाटेने नवऱ्याबरोबर निघाली होती ती वाट तिची अर्धीच राहिली. दर थंडीत जिजाजी म्हणत, "या वेळी एकदम हळू चलेन, वादा." ते मनापासून म्हणत. आणि गूजरी महालापर्यंत पाळतही. ताई हसून सांगायची मला हे सगळं, पण सांगता सांगता एकदा तिने विचारलं, "का रे, एवढं काय मागतेय मी? बरोबरीने चढावं, एवढंच ना?" त्यांच्या पाठीशी माझाही तेवढाच परिचय.

मग काही वर्षांपूर्वी जिजाजींच्या स्वभावात एक फरक दिसायला लागला. ते रस्त्यात थांबू लागले. पानवाल्यापाशी थांबून त्याच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करत. विजेच्या खांबापाशी थांबून त्यावरची कोचिंग क्लासची जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. एखाद्या स्कूटरवाल्याला अडवून, चेन ढिली आहे की नाही, याची चर्चा करत, स्कूटरला चेन नसते याची त्याने आठवण करून दिली तरी. मी खूष झालो. म्हटलं, वय झालं, माणूस जरा माणसांत आला. रविवारी त्यांच्याबरोबर चालणं मला जमू लागलं, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा बाजूने पाहिला, आणि घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलं की जिजाजी आता किती प्रेमळ झाले आहेत. ताईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "ते बोलायला नाही थांबत रे. दम लागतो म्हणून थांबतात, आणि ते दिसू नये म्हणून बोलतात." मग तिनेच सांगितलं, की रात्री उशा वाढवत वाढवत ते आता जवळजवळ बसूनच झोपतात, आणि संध्याकाळी पायांना एवढी सूज असते की बुटांची नाडी बांधता येत नाही. किल्ला त्यांनी महिन्यापूर्वीच सोडला होता. पहाटे घरातून निघायचे, किला गेटच्या चहाच्या टपरीवर तेवढा वेळ बसायचे, आणि परत यायचे. ताईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बुटांना चढावरची धूळ नव्हती.

आम्ही दोघांनी मिळून त्यांना कंपू भागातल्या एका हॉस्पिटलात नेलं. "मी थकलो थोडीच आहे! हवेत धूळ वाढलीय," असं ते टेम्पोत बसेपर्यंत म्हणत होते. हृदय थकलं होतं. पंप कमजोर झाला आहे, रक्त पुढे ढकलायला जोर पुरत नाही, असं निघालं. औषधं सुरू झाली, मीठ बंद झालं, पाण्यावर नजर आली. काही महिन्यांनी सूज उतरली, पण दम तसाच राहिला. तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, चांगल्या शांत स्वभावाच्या होत्या, ईसीजीचा कागद पुढे धरून सांगितलं की आता एक खास पेसमेकर बसवायला हवा. "सर, दिल के दोनों हिस्सों को एक साथ दबना चाहिए. आपका लेफ्ट वाला लेट हो रहा है. हुकुम उस तक देर से पहुँचता है. ये मशीन दोनों को एक साथ चलाएगी."

आमच्या जिजाजींच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने खर्च विचारला असता, धोका विचारला असता. जिजाजींनी मान हलवली आणि म्हणाले, "बेटी, दोनों एक साथ नहीं चलते. पहले लेफ्ट, फिर राइट. दोनों पैर एक साथ उठेंगे तो आदमी चलेगा नहीं, कूदेगा. मेंढक ऐसे चलता है." डॉक्टरीणबाईंनी दोन तळहात जोडून, मुठी आवळून, हृदय कसं पिळलं जातं ते दाखवलं. डाव्या भिंतीला हुकूम उशिरा मिळाला की एक बाजू आवळते तेव्हा दुसरी सैल असते, आणि रक्त आतल्या आतच हिंदकळतं, हे मला सुद्धा कळलं. जिजाजींना कळलं नाही असं नाही, पटलं नाही. जन्मभर त्यांनी हजारो पोरांचे दोन पाय एकाआड एक पडावेत म्हणून घसा फोडला होता, आणि आता या वयात त्यांच्याच छातीत कुणी दोन्ही पाय एकदम उचलायला सांगत होतं. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "बेडूक करून टाकतील मला. बिलकुल नको." मी समजावलं, चिडलो, पुन्हा समजावलं. जिजाजी माझ्याकडे, रांगेत उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळलेल्या पोराकडे बघावं तसे दयेने बघत राहिले.

तोवर ताई स्वयंपाकघरात होती. ती हात पुसत बाहेर आली आणि त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली. म्हणाली, "अहो, मला मशीनमधलं काही कळत नाही. मला एकदा तुमच्याबरोबर पायी वर जायचंय. इतकी वर्षं तुम्ही वादा करताय. तुम्ही नसलात तर मी कुणाबरोबर जाऊ?" एवढं बोलून ती पोळ्या करायला आत गेली. जिजाजी बराच वेळ आपल्या पायांकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा कंपूत. डॉक्टरीणबाईंना एव्हाना आपल्या पेशंटचा अंदाज आला असावा. त्यांनी विचार करून सांगितलं, की मशीनमध्ये सेटिंग असते, दोन्ही बाजूंना साधारण एकदमच हुकूम जातो, पण गरज वाटली तर लेफ्टला क्षणभर आधी देता येतो. जिजाजी खुर्चीत ताठ झाले. "मतलब पहला कदम लेफ्ट?" "जी सर, पहला कदम लेफ्ट." "तो ऐसा पहले बोलना था ना, बेटी," असं म्हणून त्यांनी सही केली.

ऑपरेशनच्या वेळी फक्त खांद्याजवळची जागा बधिर करतात, माणूस जागा असतो, ही गोष्ट हॉस्पिटलला महागात पडली. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी बसवली आणि तिच्यातून तीन तारा शिरेतून हृदयात सोडल्या. दोन तारा सरळ गेल्या. तिसरी हृदयाच्या पाठीमागून वळसा घालून डाव्या बाजूला न्यायची असते, तिने फार वेळ घेतला. तेवढ्या वेळात जिजाजींनी पडल्या पडल्या पायाशी उभ्या असलेल्या वॉर्डबॉयची उभं राहण्याची ढब सुधारली. बाहेर ताई बाकावर बसली होती. लिफ्ट बंद होती, आणि औषध आण, रक्ताचा रिपोर्ट आण, ब्लँकेट आण, असं करत तिने त्या दिवसांत हॉस्पिटलचे जिने किती वेळा चढले-उतरले असतील देव जाणे. मी जातो म्हटलं तर म्हणायची, "तू बस, तुला दम लागेल." आणि ते खरंच होतं.

तारा जागेवर धरेपर्यंत काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, अशी ताकीद होती. डावा हात झोळीत, एकटा उजवा वर-खाली, अशी जिजाजींची अर्धी परेड घराच्या गच्चीवर चाले. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही म्हणून त्यांनी सगळ्या शर्टांचे डावे खिसे ताईकडून शिवून बंद करून घेतले. मशीनचं ओळखपत्र मिळालं होतं, ते विमानतळावर दाखवायचं असतं. जिजाजींना विमानात बसायचं नव्हतं, म्हणून त्यांनी ते भाजीवालीला दाखवलं. ती म्हणाली, "बाबूजी, आधार तो मेरे पास भी है." आणि मी भेटलो की शर्टाचं बटण काढून, कातडीखालचा तो उंचवटा मला दाखवत ते म्हणत, "सुन, सुन. आता लेफ्ट वेळेवर येतो." मला काही ऐकू येत नसे. मी मान डोलवत असे.

मशीन सगळ्यांना सारखं मानवत नाही म्हणतात. जिजाजींना मानवलं. उशा एकेक करून कपाटात परत गेल्या. आधी ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, मग बाजारापर्यंत, आणि दुसरी थंडी पडली तेव्हा एका रविवारी सकाळी मी पांघरुणात असताना गल्लीच्या तोंडाशी बूट वाजले. मी पांघरूण डोक्यावर घेतलं नाही. खरं सांगतो, मला रडू आलं. आयुष्यभर ज्या आवाजाला कंटाळलो तो ऐकण्यासाठी वर्षभर माझे कान किती आसुसले होते, हे मला त्या सकाळी कळलं. जिजाजी पलंगापाशी आले, "काय सालेसाहेब," म्हणाले, आणि मला उठून बसलेला बघून त्यांचं पुढचं वाक्य वाया गेलं. मग खुर्ची ओढून म्हणाले, "मंगळवारी तुझ्या ताईला घेऊन वर जातोय. डॉक्टरीणबाईंना विचारलंय. आस्ते आस्ते जा म्हणाल्या. तू पण चल."

मंगळवारी आम्ही तिघं किला गेटमधून आत शिरलो. थंडी कडक होती, धुकं खाली उतरलेलं, चढाचा वरचा भाग दिसतच नव्हता. ताईने शाल घेतली होती आणि पायांत कॅनव्हासचे बूट घातले होते. बूट घातलेली ताई मी प्रथमच पाहत होतो. गूजरी महाल गेला. मी श्वास रोखून जिजाजींच्या पायांकडे बघत होतो. पाय एकदोनदा पुढे झाले, त्यांनी ते मागे घेतले. ते ताईच्या अगदी बरोबरीने चालत होते, तिच्या पावलावर नजर ठेवून, आणि ताईचा चेहरा असा काही झाला होता की मी मुद्दाम थोडा मागे राहिलो. मागून पाहिलं म्हणूनच मला ते आधी दिसलं. ताई उजव्या पायावर भार टाकत होती, डावा उचलताना भिंतीला हात लावत होती, आणि शाल सावरण्याच्या निमित्ताने थांबत होती. गणेश दरवाजापाशी ती कट्ट्यावर टेकली. म्हणाली, "जरा बसते." थोड्या वेळाने उठायला गेली आणि पुन्हा बसली. गुडघे गेले होते. त्या जिन्यांनी म्हणा, वयाने म्हणा, वर्षभरात गेले होते, आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे आम्ही तिलाही डॉक्टरकडे नेलं. गुडघे बदलून घ्या म्हणाले. "एका घरात किती दुरुस्त्या काढायच्या?" असं म्हणून तिने तो विषय संपवला. मी म्हटलं, ताई, गाडी करू, पलीकडून वर जाऊ. ती म्हणाली, "गाडीने मी खूपदा गेलेय रे."

तिथून पुढे दर मंगळवारी ते दोघं गणेश दरवाजापर्यंत जातात. अधूनमधून मीही जातो. मागे एकदा ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना म्हण, एकटे जाऊन या वर. मशीन बसवलं ते काय इथे बसायला? माझ्यासाठी अडकू नका म्हणावं." मी जिजाजींना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मी वर कधी रुकलो थोडीच आहे, सालेसाहेब. थाप मारली आणि उतरलो. वरून काय दिसतं ते मलाच पता नाही. म्हटलं होतं, हिच्याबरोबर बसून बघू." आणि त्यांनी बोलणं माझ्या पोटाच्या घेराकडे वळवलं.

परवाच्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर होतो. धुकं उठलं होतं, चढ अगदी वरपर्यंत स्वच्छ दिसत होता, त्यावर चिटपाखरू नव्हतं. ताई कट्ट्यावर टेकली, गुडघ्यांवर शाल ओढून घेतली आणि म्हणाली, "आज हवा चांगली आहे. तुम्ही या जाऊन वर, मी बसते." जिजाजींनी वर पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. मला वाटलं, आता निघाले.

"नको," ते म्हणाले. "वर आज खूब गर्दी आहे."

ताईने वरच्या मोकळ्या वाटेकडे एकदा पाहिलं, आणि सरकून त्यांना जागा करून दिली.